नावडतीचं मीठ आणि आजीची गोधडी

प्रश्न असा आहे: "मी कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला सौंदर्यशास्त्र नावाचा पेपर आहे. घरी सांगितलं तर मावशी म्हणाली, पार्लर काढणार आहेस का? मलाही नीट समजावता आलं नाही. सौंदर्य ज्याच्या त्याच्या नजरेत असतं, मग त्याचं शास्त्र कसं होईल? दुसरं म्हणजे, वर्गात प्रत्येकाने आपल्याला सुंदर वाटणारी एक वस्तू सांगायची होती. मी आजीने शिवलेली गोधडी सांगितली. शिक्षक म्हणाले, ही भावना झाली, सौंदर्य नव्हे. त्यांचं बरोबर आहे का?"

तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ अरेतुरे करते. हा पेपर मी पंचवीस वर्षं शिकवला आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षं वाईट शिकवला. फळ्यावर व्याख्या लिहायच्या, मुलांनी त्या उतरवून घ्यायच्या आणि परीक्षेत मला परत करायच्या. व्याख्या चुकीच्या नव्हत्या. पण त्या पाठ करून एकही मूल एखाद्या चित्रासमोर आधीपेक्षा दोन मिनिटं जास्त थांबलं नाही. म्हणून तुला उत्तर देताना व्याख्येपासून नको, मावशीपासून सुरुवात करू.

मावशीचं काही चुकलेलं नाही. सौंदर्यशास्त्राला इंग्रजीत 'एस्थेटिक्स' म्हणतात. त्यातला 'एस्थेटिक' हा शब्द आता त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसतो, आणि तुझ्या वयाची मुलं कॉफीच्या कपाचा फोटो टाकून 'किती एस्थेटिक' म्हणतात. दोन्हीकडे अर्थ एकच, दिसायला नीटनेटकं. मूळ शब्दाचा मात्र दिसण्याशी जेवढा संबंध, तेवढाच ऐकण्याशी आणि स्पर्शाशी. ग्रीक भाषेत 'ऐस्थेसिस' म्हणजे इंद्रियांना होणारी जाणीव. शस्त्रक्रियेआधी देतात तो अ‍ॅनेस्थेशिया याच घरातला, जाणीव घालवणारा. आपण त्याला भूल म्हणतो, आणि मराठीची ही करामत मला फार आवडते, कारण सुरांची भूल पडली असंही आपणच म्हणतो. पहिल्या भुलीत इंद्रियं झोपतात. दुसऱ्या भुलीत ती इतकी जागी होतात की बाकीचा माणूस झोपतो. आपल्या पेपरात अभ्यासायची ती ही दुसरी भूल.

हा शब्द विषयाचं नाव म्हणून पुढे आणला अलेक्झांडर बाउमगार्टेन या जर्मन तत्त्वज्ञाने. १७३५ मध्ये, एकविशीत, त्याने काव्यावर एक छोटा प्रबंध लिहिला, त्यात तो आला. मग १७५० मध्ये 'एस्थेटिका' नावाचा लॅटिन ग्रंथच काढला. त्याची तक्रार साधी होती. शुद्ध विचाराची निगा राखायला तर्कशास्त्र आहे, पण डोळे-कान जे सांगतात त्याकडे तत्त्वज्ञ कच्चा माल म्हणून बघतात. इंद्रियांनी मिळणारं ज्ञान हेही ज्ञानच आहे, त्याची स्वतःची शिस्त असली पाहिजे, आणि ते आपल्या परीने परिपूर्ण झालं की त्यालाच आपण सौंदर्य म्हणतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे बघ, आधी जाणीव आणि मग सौंदर्य. इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाला हा शब्द पटला नव्हता. १७८१ च्या ग्रंथात तळटीप देऊन त्याने नाक मुरडलं, की अभिरुचीला बुद्धीच्या नियमांत बसवायची ही आशा फोल आहे. आणि नऊ वर्षांनी, १७९० मध्ये, याच विषयाचा कणा ठरलेला ग्रंथ त्यानेच लिहिला. मोठी माणसंही तोंडावर पडतात, फक्त त्यांचं पडणं अभ्यासक्रमात लागतं.

आपल्याकडची वाट निराळी. भरताच्या नाट्यशास्त्रात पायाभूत शब्द आहे रस, आणि रस म्हणजे सरळ चव. सहाव्या अध्यायात तो दाखलाही स्वयंपाकघरातला देतो. निरनिराळी व्यंजनं, औषधी, द्रव्यं एकत्र आली की जशी चव सिद्ध होते, तसा भावांच्या संयोगातून रस. त्याने आठ रस सांगितले: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत. शांत हा नववा नंतर आला. या यादीत 'सुंदर' नावाचा रस नाही आणि 'बीभत्स' नावाचा आहे, हे एकदा नीट लक्षात घे, म्हणजे या पेपरातला अर्धा गोंधळ संपेल. आपण सुंदर वस्तूंची यादी करायला बसलेलो नाही. मर्ढेकरांच्या कवितेत पिपात उंदीर मरून पडतात. उंदरांत सुंदर काहीच नाही, पण ती कविता एकदा वाचलेला माणूस तिच्या ठेक्यातून सुटत नाही. हे कसं होतं हा या अभ्यासातला प्रश्न आहे. 'सौंदर्यशास्त्र' या नावामुळे तो झाकला जातो, म्हणून मी या नावावर जरा रागावलेली असते.

आता ज्याच्या त्याच्या नजरेचं.

हे वाक्य दरवर्षी कुणीतरी पहिल्याच तासाला टाकायचं, आणि टाकणाऱ्याचा चेहरा असा की आता बाईंचा पेपर बंदच पडला. मी दोन वाक्यं फळ्यावर लिहायची. 'मला हापूसपेक्षा पायरी आवडतो.' 'हे देऊळ सुंदर आहे.' पहिल्या वाक्यावर कुणी म्हणालं, 'मला नाही आवडत,' तर काय होतं? काही नाही. तो हापूस खातो, तू पायरी खा. दुसऱ्या वाक्यावर कुणी म्हणालं, 'छे, कसलं सुंदर, कळस बघ किती बोजड आहे,' तर तू गप्प बसत नाहीस. तू म्हणतोस, इकडून बघ, संध्याकाळचं बघ, कळस आणि जोतं दोन्ही मिळून बघ. वाद सुरू होतो. का व्हावा? सगळं नजरेवरच असेल तर दोघांनी आपापली नजर घेऊन घरी जावं.

कांटने हाच फरक केला. त्याचं उदाहरण कॅनरी बेटांवरच्या मद्याचं आहे: ते रुचकर आहे असं कुणी म्हटलं तर त्याला टोकून 'मला रुचकर आहे' असं म्हणायला लावता येतं, पण 'हे मला सुंदर आहे' असं म्हणणं हास्यास्पद होतं. जर्मनमध्ये त्याला हे समजावून सांगावं लागलं. मराठीत ते व्याकरणातच आहे. 'आवडतं' या क्रियापदाला 'मला' लागतंच. कुणाला ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, आणि न बोलता सोडलं तरी ते गृहीत असतं. 'सुंदर आहे' या वाक्यात 'मला' शिरायला जागाच नाही. 'मला सुंदर वाटतं' असं म्हणता येतं खरं, पण तसं आपण कधी म्हणतो? एक पाऊल मागे घ्यायचं असतं तेव्हा.

तुकोबांचा अभंग आठव. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी.' इथे 'मला' नाही. विटेवर उभं ध्यान, कटावर कर, असं एकेक दाखवत तो अभंग जातो. गळ्यातला तुळसीहार आणि कासेचा पीतांबर दाखवून झाल्यावर मग 'आवडे निरंतर' येतं, आणि 'माझें हेंचि सर्व सुख' तर अगदी शेवटी. आधी जगाला दाखवलं, मग स्वतःचं सांगितलं. मूर्तिशास्त्राच्या मापाने पंढरपूरची मूर्ती देखणी म्हणून कुणी निवडणार नाही. ती ठेंगणी, ठोसर आहे. तरी ज्याने हा अभंग ऐकला आहे त्याला ती आधीसारखी दिसत नाही. मी वर्गात याच्यावर एक पूर्ण तास घालवायची आणि अभ्यासक्रम मागे पडायचा.

पण इथेच पाय घसरतो. 'सुंदर आहे' हे वाक्य सगळ्यांना उद्देशून आहे, म्हणजे ते सिद्ध करता येतं असं नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मी तुला न दाखवता, नुसत्या पायऱ्या मांडून पटवू शकते. देऊळ सुंदर आहे हे तुला स्वतः पाहिल्याशिवाय पटणारच नाही, मी कितीही ग्रंथ पुढे ठेवले तरी. सौंदर्याचा कुठलाही नियम असा नाही की तो पाळला की वस्तू सुंदर झालीच. मग माझ्या हातात काय उरतं? बोट. मी बोट दाखवू शकते: इथे बघ, आता हे आणि ते एकत्र बघ, हा आवाज पुन्हा ऐक. समीक्षक, चांगला शिक्षक, मैफलीत शेजारी बसलेला जाणकार, सगळे हेच करतात. सिद्ध करणं आणि निव्वळ आवड सांगणं यांच्या मधे ही तिसरी जागा आहे आणि सौंदर्यशास्त्र तिथे राहतं. ते नजरेबाहेर नाही हे तुझं म्हणणं खरं आहे. नजर शिकते, एवढंच तू विसरलास.

आणि नजर चुकतेसुद्धा. नावडतीचं मीठ अळणी ही म्हण तू शंभरदा ऐकली असशील. तिच्यात काय गृहीत आहे ते बघ. मीठ खारट आहे. अळणी लागतंय ते खाणाऱ्याच्या मनातल्या अढीमुळे. म्हणजे ज्यांनी ही म्हण घडवली त्या बायकांना (बायकांनीच घडवली असणार, याबद्दल मला शंका नाही) पक्कं ठाऊक होतं की चव घेणारा चुकू शकतो, आणि त्याची चूक जिभेत नसून बाहेर कुठेतरी असते. 'ज्याची त्याची चव' असं त्या म्हणाल्या असत्या तर नावडतीला कधीच न्याय मिळाला नसता. कांटने सौंदर्याच्या निवाड्यासाठी 'निरपेक्षपणा' मागितला, वस्तू आपल्या फायद्याची आहे की नाही हे बाजूला ठेवून पाहणं. मला वाटतं त्याला ही एक म्हण पुरली असती.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ च्या निबंधात याची दुसरी बाजू सांगितली आहे. गोष्ट मूळची सांचो पांझाच्या तोंडची, 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीतली. सांचोच्या नात्यातल्या दोघांना पिंपातलं मद्य चाखायला बोलावलं. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याचा गोफ बांधलेली जुनी किल्ली निघाली. ह्यूमचं म्हणणं, अभिरुचीची बारकाई म्हणजे हे. माझी अडचण एवढीच की आपल्या विषयात पिंप कधी रिकामं होत नाही. किल्ली सापडेलच असं नाही. तरी चामड्याचा वास येणारा माणूस आणि न येणारा माणूस यांत फरक आहे, आणि वास घ्यायला शिकता येतं.

मग नजरेच्या आड येतं काय काय? याचं सर्वांत बारीक उत्तर मला कांटमध्ये नाही, अभिनवगुप्तामध्ये सापडलं. हा दहाव्या-अकराव्या शतकातला काश्मिरी आचार्य. नाट्यशास्त्रावरच्या त्याच्या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं आहेत. सगळी सांगत बसत नाही. एक आहे 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. ज्याच्या मुलीचा उद्या निकाल आहे तो शोकांतिकेत रडला तरी ते रडणं नाटकाचं नसतं. दुसरं विघ्न म्हणजे 'हे माझं' किंवा 'हे त्याचं' असा शिक्का मारून, ठरावीक स्थळाकाळाला बांधून अनुभव घेणं. आणि त्यावरचे उपाय तो पुस्तकी देत नाही. वाद्य, गाणं, सजवलेला मंडप असली नाट्यगृहातली साधनं सांगतो. प्रेक्षकाला आधी त्याच्या घरातून बाहेर काढा, मग नाटक दाखवा.

मराठी नाटकाची तिसरी घंटा याच कामाची आहे. पहिल्या घंटेला लोक वडा खात असतात, दुसरीला खुर्ची शोधतात. तिसरीनंतर अंधार होतो, पडद्यामागून धुपाचा वास येतो, आणि संगीत नाटक असेल तर नांदी सुरू होते. नांदीत कथानक काहीच पुढे सरकत नाही. तरुणपणी मला ती उगाच लांबण वाटायची. अभिनवगुप्त वाचल्यावर कळलं की नांदी माझ्यासाठी चाललेली असते. मला माझ्या घरच्या दुधाच्या हिशेबातून सोडवायला.

जाता जाता सुवर्ण गुणोत्तराचं (लांबी रुंदीच्या साधारण १.६ पट, हे प्रमाण), कारण तुझ्या पुढच्या प्रश्नात ते येणार आहे याची मला खात्री आहे. गुस्ताव फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने लोकांपुढे दहा आयत ठेवले आणि सर्वांत आवडता निवडायला सांगितलं. त्याचा ग्रंथ १८७६ चा. सुवर्ण गुणोत्तराच्या आयताला सर्वाधिक, पस्तीस टक्क्यांच्या आसपास पसंती मिळाली. नंतरच्या प्रयोगांत निकाल इकडेतिकडे झाले ते सोड. शंभर टक्के मिळाली असती तरी ती 'मला आवडतं'ची मोजणी झाली असती. अशी मोजणी उपयोगी असते, साबणाच्या वड्या विकणाऱ्याने ती जरूर करावी. पण 'सुंदर आहे'वर मतदान घेता येत नाही. शिंपल्यापासून ताजमहालापर्यंत सगळीकडे तोच आकडा शोधणारे व्हिडिओ मात्र बघू नकोस. जाड रेघ असली की कुठलाही आयत कुठेही बसवता येतो.

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते सांगते, नाहीतर हे सगळं पुन्हा फळ्यावरचंच होईल.

व्याख्या लिहिणं सोडल्यावर मी मुलांना घेऊन दरवर्षी घारापुरीला जायला लागले. गेटवेवरून लाँचने तासभर, मग पायऱ्या. (सोमवारी लेणी बंद असतात, हे एकदा आम्ही तीस मुलांसह जाऊन शिकलो.) मुख्य लेण्यात दक्षिणेच्या भिंतीत सदाशिवाचं ते प्रचंड शिल्प आहे, ज्याला लोक त्रिमूर्ती म्हणतात. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचं मानतात. उंची साडेपाच मीटरांच्या आसपास, तीही फक्त छातीपासून वर. मुलांना त्याच्यासमोर वीस मिनिटं बसवायचं. फोन पिशवीत. वहीत जे दिसतं ते लिहायचं, आणि तीन शब्दांना बंदी: सुंदर, छान, भव्य.

पहिली पाच मिनिटं छळ असतो. दहाव्या मिनिटाला वाक्यं यायला लागतात. 'मधल्या चेहऱ्याचे डोळे मिटल्यासारखे आहेत पण तो झोपलेला वाटत नाही.' 'खालचा ओठ जाड आहे, त्यामुळे चेहरा कडक होत नाही.' 'आपल्या डावीकडच्या तोंडाला मिशी आहे, कपाळ रागावलेलं आहे. उजवीकडचं बाईसारखं मऊ आहे, हातात कमळाची कळी.' 'पाठीमागचा कोनाडा खोल आहे, मूर्ती भिंतीवर लावलेली नाही, अंधारातून पुढे येते आहे.' एका मुलाने लिहिलं होतं, 'बाजूचे दोन चेहरे मधल्याला दाबतील असं वाटतं, पण तो हलत नाही.' त्याला विचारलं, कशामुळे नाही हलत? तो उठून परत गेला, बघून आला. म्हणाला, दोन्ही बाजूंचे चेहरे आपापल्या दिशेला बघतायत, त्यामुळे ओढ सारखी आहे. आणि मधल्याचा मुकुट उंच आहे, तो सगळ्यांना वर खेचून धरतो.

परतीच्या लाँचवर मी त्यांना मर्ढेकरांचं लयतत्त्व सांगायची. बा. सी. मर्ढेकर कवी म्हणून तुला माहीत आहेत, पण 'सौंदर्य आणि साहित्य' हा त्यांचा ग्रंथही तितकाच महत्त्वाचा आहे. त्याला १९५६ मध्ये, ते गेले त्याच वर्षी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं, कलाकृतीतले घटक एकमेकांशी तीन तऱ्हांनी बांधलेले असतात: संवाद, विरोध, समतोल. वर्गात सांगितलं असतं तर मुलांनी तीन शब्द उतरवून घेतले असते. लाँचवर तो मुलगा मधेच म्हणाला, 'म्हणजे मी जे लिहिलं तेच.' अगदी तेच. रागावलेला चेहरा आणि मऊ चेहरा यांचा विरोध, मुकुटांपासून ओठांपर्यंत चाललेला आकारांचा संवाद, आणि मधल्या चेहऱ्याने सांभाळलेला तोल. त्याला सिद्धान्त शिकवावा लागला नाही, फक्त त्याच्या पाहण्याला नाव मिळालं. सिद्धान्त या क्रमाने आला तरच कामाचा, असं माझं मत आहे, आणि माझ्या काही सहकाऱ्यांना ते मान्य नव्हतं.

मर्ढेकरांची मर्यादाही घारापुरीतच कळते. मुकुट, ओठ, कोनाडा यांची लय सांगून झाली तरी हा शिव आहे, समोरच्या अंधारात कुणीतरी हात जोडत आले असतील, हे उरतंच. निव्वळ आकारांच्या नात्यांत ते मावत नाही. साहित्यात तर ही अडचण आणखी वाढते, कारण शब्द नुसता नाद कधीच नसतो. मर्ढेकरांनाही ती दिसली होती. काव्यासाठी त्यांना 'भावनानिष्ठ समतानता', म्हणजे भावनांच्या पातळीवरचा सारखेपणा, अशी वेगळी कल्पना मांडावी लागली. तीवर मराठीत पुढे भरपूर वाद झाला आणि तो वाद हेच मराठी सौंदर्यशास्त्राचं वैभव आहे. रा. भा. पाटणकरांचा 'सौंदर्यमीमांसा' हा १९७४ चा ग्रंथ त्याचा कळस. जाड आहे, घाबरू नकोस, पण सुरुवात त्याने करू नकोस.

पाटणकरांचा उल्लेख केला कारण तुझी गोधडी त्यांच्याच वाटेवर आहे. कलेविषयीच्या आपल्या विचाराला त्यांनी दोन टोकं दाखवली, लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी. पहिल्याच्या मते कला आपल्या रोजच्या जगण्याचाच विस्तार, त्याच भावना, त्याच गरजा. दुसऱ्याच्या मते तिचं जग स्वतंत्र, तिथले कायदे वेगळे. एकच टोक धरून आपल्याला कलेविषयी बोलता येत नाही, दोन्हींकडे जावं-यावं लागतं. तुझे शिक्षक दुसऱ्या टोकाला उभे आहेत, तू पहिल्या.

त्यांचं निम्मं बरोबर आहे. गोधडीची ऊब, तिला येणारा ट्रंकेतला वास, ती अंगावर घेऊन ऐकलेल्या गोष्टी, आजी आता आहे की नाही हे, सगळं 'मला' या शब्दाच्या आतलं आहे. ते मोलाचं नाही असं नाही, पण ते तुझं आहे. मला तू ती गोधडी दिलीस तर यातलं काहीच माझ्यापर्यंत येणार नाही. अभिनवगुप्ताचं विघ्न आहे ते, 'माझं' असा शिक्का.

पण उरलेलं निम्मं त्यांनी पाहिलंच नाही, कारण गोधडी त्यांच्यासमोर नव्हती आणि तू ती दाखवली नाहीस. सांगितलीस. गोधडी करणारी बाई जुनी लुगडी, धोतरं थरावर थर अंथरते. कुठला तुकडा वर ठेवायचा, विटलेल्या हिरव्याशेजारी काय यावं, फाटलेल्या जागी ठिगळ चौकोनी लावायचं की लांबट, हे ती ठरवत असते. मग धावदोरा घालते. पुष्कळदा कडेने सुरू करून आत आत, चौकटीत चौकट. हजारो टाक्यांनी कापडाला ओढ बसते आणि सगळ्या पृष्ठावर बारीक लाटा उठतात. थर सरकू नयेत म्हणून तो टाका असतो, आणि त्याच टाक्याने गोधडीला पोत येतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करतात तेही असंच. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि त्याच ठोक्यांचे गोल गोल पैलू उजेडात चमकतात. उपयोग कुठे संपला आणि देखणेपण कुठे सुरू झालं, हे ठोका घालणाऱ्यालाही दाखवता येणार नाही. कांटने वस्तूच्या हेतूशी बांधलेलं सौंदर्य वेगळं काढलं आणि मुक्त सौंदर्याच्या तुलनेत ते कमी शुद्ध मानलं. माझं मत उलट आहे. बंब, सूप, गोधडी यांच्यापासून शिकायला सुरुवात केलेली मुलं चित्रंही चांगली पाहतात असं मला आढळलं.

आणि भावनेचंही एक बोलायचं राहिलं. भट्टनायक नावाच्या आचार्याने, अभिनवगुप्ताच्या आधी, साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरची सीता एका राजाची बायको राहत नाही, आणि पाहणाऱ्याचं दुःखही त्याच्या एकट्याचं राहत नाही. तुझ्या गोधडीतली आजी 'माझी आजी' आहे तोवर शिक्षकांचं खरं. पण त्या टाक्यांतच असं काही असेल की ज्याने तिला कधी पाहिलं नाही त्यालाही कुणीतरी खूप वेळ, खूप माया लावून, डोळ्यांना कमी दिसत असताना बसलेलं जाणवावं, तर भावना तिथे आडवी येत नाही, ती गोधडीत शिवलेली आहे. असं काही आहे की नाही हे मला इथे बसून सांगता येणार नाही. मी गोधडी पाहिलेली नाही.

तेव्हा असं कर. सुट्टीच्या दिवशी ती उजेडात, जमिनीवर पूर्ण पसर. अंगावर घेऊ नकोस. वीस मिनिटं बसून लिही, तेच तीन शब्द वर्ज्य. टाके कुठे दाट आहेत, कुठे विरळ झाले, कुठे रेघ वाकडी गेली आणि पुढच्या ओळीने तिला कसं सांभाळून घेतलं, ते सगळं. मग वर्गात घेऊन जा आणि टेबलावर ठेव. शिक्षकांना बोट लावून दाखव, हा रंग, ही ओळ, हा कोपरा. कुणी शिवली ते मात्र लगेच सांगू नकोस. त्यांना आधी बघू दे.